कोरा चेक, पुढची तारीख आणि केळीचे पैसे

प्रश्न: रावेर तालुक्यात आमची केळी आहे. व्यापाऱ्याने माल कापून नेला अन् दीड महिना पुढची तारीख टाकून चेक दिला, आता तारीख उलटून गेली तरी म्हणतो फोन करतो मग टाका. तिकडे मी पण कृषी केंद्रवाल्याला खताच्या उधारीपोटी कोरा चेक सही करून दिलाय. हे चेक कायद्याने पक्के कधी होतात?

उत्तर: भाऊ, तुम्ही घेणेकरी पण आहात अन् देणेकरी पण. नुसती सही करून चेक कपाटात पडलाय तर तो कागदच. १८८१ च्या चेक-हुंडीच्या कायद्यानुसार (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) देण्यापोटी तो समोरच्याच्या हातात दिला की व्यवहार पुरा होतो. पुढची तारीख असेल तर त्या दिवसापर्यंत बँक पैसे देणार नाही, एवढंच.

व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघू नका हो! चेकवरच्या तारखेपासून ३ महिनेच तो चालतो (२०१२ च्या एप्रिलआधी ६ होते), अन् 'थांबा थांबा' करत नेमके तेच महिने खाल्ले जातात. टाकून द्या खात्यात. नाही वटला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार, त्याच कायद्याच्या कलम १३८ खाली. २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. त्याने स्टॉप पेमेंट केलं, म्हणजे बँकेला पैसे देऊ नका असं कळवलं, तरी सुटत नाही, फक्त त्याचं देणं खरंच बाकी पाहिजे.

आता तुमचा कोरा चेक, हे मला जास्त टोचतंय. 'रक्कम मी लिहिलीच नाही' म्हणून भागत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय की सही तुमची अन् चेक राजीखुशीने दिलेला, तर आकडा दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी धरून चालतं, तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. म्हणून उधारीचे पैसे रोख देऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयने द्या, दरवेळी पावती घ्या, अन् सगळं फिटलं की चेक परत मागा. तो 'सापडत नाही' म्हणाला तर चेक नंबर टाकून तसं त्याच्याकडून लिहून घ्या, मग बँकेत जाऊन तो नंबर बंद करा.