डार्क पॅटर्नला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मोबाइलवरची ॲप्स घाई करून, बटणं लपवून, गोलगोल फिरवून नको असलेलं पैशाचं सबस्क्रिप्शन गळ्यात मारतात. या युक्त्यांना इंग्रजीत 'डार्क पॅटर्न' म्हणतात. मराठीत 'काळे नमुने', 'गडद आकृतिबंध' असे शब्द वाचनात आले, ते योग्य आहेत का? आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'ला 'वर्गणीचा सापळा' म्हणावं का?

'काळे नमुने' तर नकोच. मराठीत 'नमुना' हा शब्द माणसाला चिकटला की 'काय नमुना आहे!' असंच ऐकू येतं, आणि त्यात 'काळा' घातला तर एखाद्याच्या रंगावरून टवाळी चालल्यासारखं वाटतं. 'गडद आकृतिबंध' म्हटल्यावर साडीचे काठ डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्द हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली रूढ केला. पुढे त्यांनी स्वतःच 'डार्क' बाजूला ठेवून 'डिसेप्टिव्ह', म्हणजे फसवे, हे विशेषण पसंत केलं. तेव्हा आपण अंधाराचं भाषांतर करत बसण्यात काही हशील नाही.

नुसतं 'फसवणूक' म्हटलं तर? तेही अपुरं पडतं. फसवणूक म्हटलं की कोणीतरी खोटं बोललं असं आपण धरून चालतो. इथे बऱ्याचदा पडद्यावरचं एकेक वाक्य खरं असतं. 'पहिले सात दिवस मोफत' हे खरं. 'नंतर दरमहा ४९९ रुपये' हेही खरं, फक्त ते मुंगीच्या पावलाएवढ्या करड्या अक्षरांत, बटणाच्या खाली. लबाडी मांडणीत असते. म्हणून लेखी, व्याख्या करण्याजोगा शब्द हवा असेल तर मी 'फसवी मांडणी' सुचवेन. डाव मांडतात, दुकान मांडतात, पडद्यावर बटणंही मांडतातच.

बोलण्यात मात्र याहून नेमका शब्द आपल्याकडे कधीपासून आहे: चकवा. रात्री ओळखीच्या वाटेने निघालेला माणूस उजाडेपर्यंत त्याच बांधाला फेऱ्या घालत राहतो, आणि मग गावात म्हणतात, 'चकवा लागला'. कोकणात हे सांगणारे आजही भेटतील. 'सेटिंग'मधून 'खातं', 'खातं'मधून 'योजना', 'योजना'मधून 'मदत', आणि 'मदत'मधून पुन्हा 'सेटिंग' अशी फेरी ज्याने मारली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

एक अडचण आहे, आणि ती क्रियापदाची आहे. 'चकवा लागतो' म्हटलं की दोष नशिबाचा होतो, कर्ता गायब. इथे तर कर्ता पगारी असतो, त्याने चाचण्या घेऊन बटणाचा रंग ठरवलेला असतो. मराठीत 'चकवा देणे' आहे, पण त्याचा अर्थ निसटणे: चोर पोलिसांना चकवा देऊन पळाला. म्हणून 'ॲपने मला चकवा दिला' हे कानाला किंचित अडतं. 'ॲपने चकव्यात पाडलं' हे बसतं. त्यात पाडणारा कोण ते दिसतं आणि पडणाऱ्याचा बावळटपणाही निघत नाही. (हिंदीभाषकांशी बोलताना जपून, त्यांच्या 'चकवा-चकवी' म्हणजे चक्रवाक पक्ष्यांची जोडी.)

'चक्रव्यूह' का नको, असंही कोणी विचारेल. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, हे लक्षण जुळतं. पण अभिमन्यू समजून उमजून शिरला होता, आणि हा शब्द फार भारदस्त आहे. गंमत म्हणजे असं भारदस्त नाव करणाऱ्यांनीच दिल्याचं एक प्रकरण आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइमचं सदस्यत्व लोकांच्या धड संमतीशिवाय त्यांच्या माथी मारलं आणि ते सोडणं मुद्दाम अवघड केलं, असा आरोप होता. सदस्यत्व रद्द करण्याच्या वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत, असं त्या तक्रारीत नमूद आहे. ट्रॉयच्या लांबलचक युद्धाचं महाकाव्य! सदस्यत्व सोडायला चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली: एक अब्ज दंड, दीड अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना ही वाट किती लांब आहे ते ठाऊक नव्हतं, हे मानणं मला जड जातं.

आता 'सबस्क्रिप्शन'. 'वर्गणी' शब्द चुकीचा नाही. मासिकांची वार्षिक वर्गणी आपण भरत आलो आहोत. पण ती वर्गणी आपोआप संपायची. 'आपली वर्गणी या अंकासोबत संपत आहे' अशी चिठ्ठी यायची, आणि आपण गप्प बसलो तर अंक बंद. ॲपमध्ये उलट असतं: गप्प बसलो तर पैसे जातात. मौन म्हणजे संमती, हे इथे शब्दशः. म्हणून या व्यवहाराला जवळचा शब्द 'रतीब'. दूध रोज येतं, कोणी 'उद्यापासून नको' म्हणेपर्यंत येतच राहतं. फरक इतकाच की दूधवाल्याला दारातच सांगता यायचं. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'ला मी बेलाशक 'रतिबाचा सापळा' म्हणेन. (विभक्ती लागली की 'ती' ऱ्हस्व होते.) 'वर्गणीचा सापळा' लिहिलं तर गणेशोत्सव मंडळांवर विनाकारण संशय यायचा.

हा सापळा आपल्या कायद्यात नावानिशी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिले आहेत. या सापळ्यात रद्द करण्याची सोय लपवणं किंवा किचकट करणं येतं, आणि फुकट सेवेसाठी आधीच बँक-कार्डाचा तपशील मागणंही येतं. बाकीच्या काही प्रकारांना मराठी शब्द शोधायला दूर जावं लागत नाही. पुन्हा पुन्हा तेच विचारत राहणं म्हणजे टुमणं. विमानाच्या तिकिटासोबत विमा नाकारताना 'मी असुरक्षित राहीन' असं बटण दाबायला लावणं, हे उदाहरण त्या तत्त्वांतच आहे, म्हणजे टोमणा. टुमणं लावतात, टोमणा मारतात. क्रियापदं तयारच आहेत.

सगळ्यात मराठमोळा चकवा भाषांतरातून येतो. सदस्यत्व बंद करायला गेलात की चौकट उघडते: 'तुम्हाला नक्की रद्द करायचे आहे?' खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'पुढे जा'. 'रद्द करा' म्हणजे काय रद्द करा? सदस्यत्व, की रद्द करण्याचा बेत? इंग्रजीतही हा घोळ आहेच, पण मराठीत 'सदस्यत्व बंद करा' आणि 'राहू द्या' इतकं सरळ लिहिणं शक्य असताना तो तसाच उतरवून ठेवतात. दुसरा मासला: 'सवलतींची माहिती मिळू नये असे वाटत नसल्यास खूण काढू नका.' तीन नकार! शाळेत हे वाक्य 'होकारार्थी करा' म्हणून दिलं असतं तर निम्मा वर्ग नापास झाला असता.

शब्दांपलीकडची एक गोष्ट, कारण तीही विचारली जातेच. ॲप फोनवरून उडवलं म्हणजे रतीब बंद झाला असं नाही. पैसे ज्या वाटेने जातात तिथे जाऊन तो तोडावा लागतो: यूपीआय ॲपमधलं 'ऑटोपे', किंवा कार्ड देणाऱ्या बँकेचं पान. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा वसुलीआधी किमान चोवीस तास सूचना येते. बऱ्याचदा ती इंग्रजीत असते आणि तिच्यात 'मँडेट' हा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच, की पैसे काढायला तुम्ही कधीतरी दिलेली, पुन्हा पुन्हा लागू होणारी परवानगी.