मुलाच्या फुटबॉलसाठी २४ हजार डॉलरचे कर्ज काढावे का?

न्यू जर्सीतील एका वाचकांचे पत्र असे: "माझे वय ४९, पगार वर्षाला १ लाख ४० हजार डॉलर, पत्नी नोकरी करत नाही. आम्हाला ग्रीन कार्ड मिळालेले आहे. मुलगा पेनसिल्व्हेनियात डिव्हिजन ३ (कॉलेज क्रीडेची तिसरी पातळी; डिव्हिजन १ सर्वांत वरची) च्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असून संघाचा प्रमुख मिडफिल्डर आहे. स्पेनमधील एक संस्था दोन उन्हाळ्यांचे २४ हजार डॉलर घेऊन प्रशिक्षण देते आणि व्यावसायिक क्लबांच्या ट्रायल मिळवून देते. गोलरक्षक मॅट टर्नरलाही ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक क्लब कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) कोणी घेतले नव्हते. घर तारण ठेवून हे पैसे उभे करावेत का? निवृत्तीची चिंता नाही, कारण चार वर्षांपूर्वी गणेशोत्सवात ओळख झालेल्या एका गृहस्थांकडून इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (आयुर्विमा, ज्यातील बचतीची वाढ शेअर निर्देशांकावर ठरते) घेतली असून तिला महिना १,५०० डॉलर जातात. त्यासाठी ४०१ (के) चा, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्याचा, भरणा थांबवला आहे. कंपनी त्यात पगाराच्या ५ टक्के घालत असे."

आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि ते द्यायला फार वेळ लागत नाही. अमेरिकेत डिव्हिजन १ मध्ये पुरुषांचे दोनशेहून अधिक संघ आहेत. संघामागे २५ ते ३० खेळाडू धरले, तर सुमारे ६,००० मुले होतात आणि त्यांतली दीडएक हजार दरवर्षी शिक्षण संपवून बाहेर पडतात. मेजर लीग सॉकर या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये ३० क्लब आणि ३ फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त ९० नावे. ती जवळजवळ सगळी डिव्हिजन १ मधून येतात, आणि नाव पुकारले गेले म्हणजे करार झाला असेही नाही. शिवाय क्लबांनी स्वतःच्या अकादमीत वाढवलेली मुले ड्राफ्टच्या वाटेला जातच नाहीत. आपला मुलगा ज्या डिव्हिजन ३ मध्ये खेळतो, तिथे पुरुषांचे चारशेहून अधिक संघ आहेत आणि खेळाची शिष्यवृत्ती मुळीच नसते. टर्नर आपल्याच न्यू जर्सीचा, हे खरे. पण तो फेअरफील्डकडून डिव्हिजन १ मध्ये खेळत होता, आणि २०२२ च्या विश्वचषकात अमेरिकेचा गोलरक्षक झालेला हा खेळाडू लक्षात राहतो तो अपवाद म्हणूनच. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवून सामना पाहतो. ट्रायलचे पैसे पालकांकडून घेणाऱ्या संस्थेचा धंदा खेळाडू विकण्याचा नसून ट्रायल विकण्याचा असतो. मुलाला हौस असेल तर उन्हाळ्यात यूएसएल लीग टूच्या एखाद्या संघात जागा मिळते का ते पाहावे, कारण ही लीग कॉलेजच्या खेळाडूंना सोयीची आहे आणि तीत त्यांची कॉलेजची पात्रताही टिकते.

आता आपण जे विचारलेच नाही त्याकडे वळतो. आपण चार वर्षांत पॉलिसीत ७२ हजार डॉलर भरले, आणि सोबत पाठवलेल्या विवरणानुसार आज ती मोडल्यास हाती ३९ हजार येतात. कंपनीचे ५ टक्के म्हणजे वर्षाला ७ हजार, चार वर्षांचे २८ हजार, तेही गेले. हेच १८ हजार दरवर्षी ४०१ (के) मध्ये भरले असते तर प्राप्तिकरात वर्षाला साधारण साडेतीन हजारांचा दिलासा मिळाला असता (कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो, हे मान्य). विम्याच्या संरक्षणाची काही किंमत वजा करूनही ६०-७० हजारांचे भगदाड उरते, आणि स्पेनचे २४ हजार त्यापुढे किरकोळ वाटू लागतात.

पॉलिसीच्या इलस्ट्रेशनचे (पुढील वर्षांच्या अंदाजित आकड्यांच्या तक्त्याचे) जे पान आपण पाठवले आहे, त्यावर उजवीकडचा रकाना कोणीतरी पिवळ्या हायलायटरने रंगवलेला आहे. तो रकाना गृहीत धरलेल्या परताव्याचा आहे. डावीकडच्या, न रंगवलेल्या रकान्याचे शीर्षक 'हमी' असे असून त्यात वयाच्या ७३ व्या वर्षापासून खाली शून्ये आहेत, म्हणजे त्यापुढे कशाचीच हमी नाही. बाजार पडला तरी तोटा नाही, हे आपल्याला सांगितले गेले. परंतु चढत्या वर्षातली वाढ ठरावीक मर्यादेवर कापली जाते, निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांश धरला जात नाही आणि विम्यासाठी कापले जाणारे शुल्क वयाबरोबर वाढत जाते, हे सांगायचे राहिलेले दिसते. कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीसाठीच्या फॅफ्सा अर्जात पॉलिसीतील रक्कम मोजत नाहीत, हा युक्तिवादही आपल्यापुढे केला गेला असेल. ४०१ (के) मधील शिल्लकही तिथे मोजत नाहीत.

वर्षाला आपले १८ हजार आणि कंपनीचे ७ हजार, असे २५ हजार पुढची १६ वर्षे गुंतवले आणि महागाई वजा जाता ५ टक्के वाढ धरली, तर ६५ व्या वर्षी आजच्या भावाने सुमारे ५ लाख ९० हजार डॉलर होतात. म्हणून ४०१ (के) चा भरणा पुढच्या पगारापासूनच सुरू करावा. पत्नी आपल्यावर अवलंबून असल्याने विमा हवाच. त्यासाठी १० लाख डॉलरचा २० वर्षांचा साधा टर्म विमा घ्यावा, जो निरोगी माणसाला या वयात वर्षाला दोनएक हजारांत मिळू शकतो. मात्र वैद्यकीय तपासणी होऊन नवी पॉलिसी प्रत्यक्ष लागू होईपर्यंत जुनीला हात लावू नये. त्यानंतर विमा कंपनीकडून थेट, त्या गृहस्थांमार्फत नव्हे, आजच्या तारखेचे इलस्ट्रेशन लेखी मागवावे आणि पॉलिसी मोडण्याचे शुल्क वर्षागणिक किती उतरते ते पाहून ती आताच मोडायची की हप्ता कमीत कमी करून काही काळ ठेवायची ते ठरवावे.