'झालंय' म्हणू नकोस

अरे,

तुझा मेसेज रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी आलाय, मी सकाळी पाहिला. आधी वाटलं फोनच करावा, मग म्हटलं नको, फोनवर तू "हो ताई, हो ताई" करणार, मी बोलत सुटणार आणि फोन ठेवल्यावर दोघांच्याही डोक्यात काही राहणार नाही. म्हणून लिहितेय. लांबेल, घरी बसून वाच, पीएमटीत लटकून नको.

तू विचारलंयस की मोशीच्या प्रदर्शनात स्टॉलच्या बी लेनची लाईट गेली त्यात चूक माझी नव्हती, तरी क्लायंटने सगळ्यांसमोर मलाच का झापलं. आणि त्याखाली हळूच हिंजवडीच्या ऑफरचं सरकवलंयस, बाबा म्हणतात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन हमाली करतोस वगैरे. हे दुसरं आधी निपटवते. घ्यायची तर घे ऑफर, खरंच. मी थांब म्हणणार नाही. आपल्या ह्या इव्हेंट आणि प्रदर्शनांच्या लाईनमध्ये पेमेंट 90 दिवसांनी आलं तर लवकर आलं म्हणतात, पाय सुजतात, आणि दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत एकाही मित्राच्या लग्नाला तू जेवायला जाणार नाहीस, गेलास तर ट्रस, म्हणजे लाईट टांगायचा लोखंडी सांगाडा, उतरवायला जाशील. हे तुला तीन महिन्यांत कळलेलंच आहे. आणि हमाली म्हणशील तर आहे थोडी, त्यात लाजण्यासारखं काय ते मला तीस वर्षांत कळलं नाही. बाबांना माझा नमस्कार सांग. पुढे.

आता झापण्याचं. चूक तुझी नव्हती, कबूल. मी इलेक्ट्रिशियनशी बोलले. बी लेनचे सहा स्टॉल एकाच एमसीबीवर, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, एकातून एक असे लूप केलेले होते, कोपऱ्यातल्या स्टॉलवाल्याने कुणाला न विचारता घरून कॉफी मशीन आणलं, आणि पाहुणे फीत कापून नेमके त्या गल्लीत शिरले तेव्हाच त्याला कॉफी करायची हौस आली. अख्ख्या गल्लीतले स्पॉट आणि स्क्रीन गेले. आपण 3 बाय 3 मीटरच्या ऑक्टानॉर्मच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांत पॅनल बसवलेल्या, स्टॉलला देतो काय? तीन स्पॉटलाईट, एक टेबल, दोन खुर्च्या, एक डस्टबिन आणि एक 5 अँपिअरचा प्लग. 5 गुणिले 230 म्हणजे साडेअकराशे वॉट. साधी पाणी तापवायची किटली दीड हजार वॉटची असते. हे मी तुला शिकवायचं म्हणजे अवघड आहे, डिग्री तुझ्याकडे आहे.

पण आदल्या संध्याकाळी साडेसातला मी वॉकीवर विचारलं, "बी लेन पॉवर?" आणि तू म्हणालास, "झालंय ताई."

तू तेव्हा कुठे होतास रे? रजिस्ट्रेशन डेस्कला लॅनयार्ड, गळ्यातल्या बॅजच्या पट्ट्या, मोजत बसला होतास. तुला इलेक्ट्रिशियन म्हणाला झालंय, त्याला त्याचा हेल्पर म्हणाला झालंय, हेल्पर चार दिवसांपूर्वी कामाला लागलेलं पोरगं, त्याच्या लेखी दिवे लागले म्हणजे झालं. आणि दिवे लागले होते! खोटं कुणीच बोललं नाही. तीन तोंडांतून फिरून आलेला शब्द माझ्या कानात पडला तो मात्र तुझ्या आवाजात, म्हणून झापताना तू सापडलास. क्लायंटने जे शब्द वापरले ते चुकीचेच होते, त्याला मी ते तिथेच सांगितलं, तुला माहीत नसेल. पण माझं तुझ्याशी भांडण त्या एका शब्दावरून आहे. 'झालंय' म्हणू नकोस. 'बघून आलोय' म्हण. बघितलं नसेल तर 'बघून सांगतो' म्हण, समोरचा ओरडला तर ओरडू दे.

तू म्हणशील ताई नेहमीचं सुरू झाल्या. हो, नेहमीचंच आहे, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी सुरुवात पुरुषोत्तम करंडकची, कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेची. भरत नाट्य मंदिरात समोर पोरं "आव्वाज कुणाचा" म्हणून छत डोक्यावर घ्यायची आणि मी विंगेत अंधारात हातात एक स्टूल घेऊन उभी, कारण माझं काम तेवढंच, ब्लॅकआऊटमध्ये स्टूल खुणेवर ठेवायचं. मग 1994 ला नॅशनल गेम्स बालेवाडीला झाले, स्टेडियम नवंकोरं, आम्ही व्हॉलंटियर, नवा टीशर्ट मिळाला ह्याचंच कौतुक. तेव्हा सगळेच झालंय म्हणायचे आणि बहुतेक वेळा खरंच झालेलं असायचं. वाईट सवय अशीच लागते, दहातले नऊ वेळा निभावून जातं.

दहावी वेळ माझ्या वाट्याला 2011 साली आली. हे मी फार कुणाला सांगत नाही. एक सत्कार समारंभ होता, हॉलचं नाव नको. सत्कारमूर्तींपैकी एक आजोबा व्हीलचेअरवर. आयोजकांनी महिनाभर आधीच सांगितलेलं की रॅम्प हवा, माझ्या वहीत लिहिलेलं, मी मिस्त्रींना सांगितलेलं. सकाळी मिस्त्री म्हणाले रॅम्प झालाय ताई. मी आयोजकांना म्हणाले झालाय. दिवसभर मी बॅकड्रॉपच्या एका सुरकुतीमागे लागले होते, फ्लेक्सला सुरकुती पडली होती आणि ती फोटोत येईल म्हणून जीव खालीवर. रॅम्प स्टेजच्या मागे होता, एलईडी वॉलच्या पलीकडे, चाळीस पावलं. मी गेले नाही.

स्टेज 3 फूट उंच. व्हीलचेअरच्या रॅम्पला उतार एकास बारा लागतो, म्हणजे 3 फुटाला 36 फूट लांबी. मिस्त्रींनी केला होता 8 फुटांचा, कारण प्लायचा शीट 8 बाय 4 चा येतो, एक शीट टाकला की रॅम्प. घसरगुंडी होती ती. वर जिथे स्टेजला टेकतो तिथे दोन इंचांची पायरी. चार पोरांनी खुर्ची ढकलायला घेतली, मध्यावर अडकली, मागे यायला लागली. मी पोचले तेव्हा मला आजोबांचे हात दिसले फक्त, खुर्चीचे दांडे असे धरलेले की बोटं पांढरी पडलेली. आणि ते मलाच म्हणाले, "असू दे हो, मी खालीच बरा."

मग काय झालं तर प्रमुख पाहुणे स्वतः स्टेजवरून खाली आले, पहिल्या रांगेपुढे शाल घातली, हॉलभर टाळ्या, लोक उभे राहिले. सगळ्यांना वाटलं काय मोठ्या मनाचा माणूस. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. आयोजकांनी मला फोन करून अभिनंदन केलं की तो प्रसंग तुम्ही फार छान जुळवून आणलात. मी थँक्यू म्हणाले. अजून ते थँक्यू मला रात्री आठवतं. आजोबांना पत्र लिहायचं होतं, आज लिहू उद्या लिहू करत दीड वर्ष गेलं, मग ते गेल्याचं कळलं.

म्हणून मी बघायला जाते. लोक मागून काय म्हणतात ते मला माहितीये, मी म्हणे कुणावर विश्वास टाकत नाही. मिस्त्रीसुद्धा एकदा रागावून म्हणाले, "ताई, माझ्यावर भरवसा नाही का?" म्हटलं तुमच्यावर आहे हो, माझ्या कानांवर नाही. ते हसले, पण दोन दिवस चहाला आले नाहीत.

आणि एक क्लायंट ह्यामुळे कायमचा गेला हेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ह्या तत्त्वाचा मला फायदाच झाला. मोठं काम होतं, दरवर्षीचं. रात्री राऊंडला गेले तर डेकोरवाल्याने काळं मास्किंग, झाकायचं कापड, भिंतभर ओढलेलं आणि त्याखाली एक फायर एक्झिट पूर्ण झाकलेला, बोर्डासकट. वॉकीवर सगळे म्हणत होते मास्किंग झालंय, आणि झालंच होतं, फारच छान झालं होतं. मी म्हटलं काढा. क्लायंटचे साहेब म्हणाले सकाळी बघू, लूक जातोय. दिल्लीत 1997 ला उपहार थिएटरमध्ये 59 माणसं गेली, बाहेर पडायच्या वाटा अडल्या होत्या म्हणून, हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, आवाज चढला माझा, आणि कटर घेऊन दरवाजाएवढं कापड मीच कापून टाकलं. पुढच्या वर्षी फोन आला नाही. नवरा म्हणाला जरा गोड बोलली असतीस तर कापडही निघालं असतं आणि कामही राहिलं असतं. असेल. तो बँकेत होता, त्याला गोड बोलता येतं. मी बरोबर होते, आजही तेच म्हणेन, आणि त्या वर्षी गोडाऊनचं भाडं मी दागिने ठेवून भरलं हेही तितकंच खरं.

आता तू म्हणशील वेळ कुठे असतो. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मोशीच्या त्या हॉलमध्ये बी लेन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला तुला किती वेळ लागला असता? चार मिनिटं? तू रीलवर त्याहून जास्त घालवतोस, मी बघितलंय. प्रत्येक स्टॉलचा प्लग टेस्टरने बघायचा, एमसीबी एक एक पाडून बघायची की कुठली पाडल्यावर किती स्टॉल जातात. एकीला सहा स्टॉल गेले असते की तिथेच कळलं असतं तुला, आणि संध्याकाळी साडेसातला कळलं असतं, सकाळी पाहुण्यांसमोर नाही. स्टॉलवाल्याला विचारायचं, काका उद्या काय काय लावणार आहात? लोक सांगतात रे, अभिमानाने सांगतात, कॉफी मशीन आणतोय म्हणून.

तसंच जनरेटरचं. चेंजओव्हर, म्हणजे मेन गेली की जनरेटरवर जायची सोय, झालंय म्हणजे काय? मेन पाडून बघ रात्री, सगळे शिव्या घालतील, घालू देत. न्यूट्रलचा लग, वायरच्या टोकाचा धातूचा जोड, हाताने हलवून बघायला लाव, सप्लाय बंद करून, इलेक्ट्रिशियन समोर उभा असताना. तो सैल राहिला तर थ्री फेजमध्ये काय होतं ते तू पाठ केलंयस परीक्षेला, 230 च्या जागी साडेतीनशे पावणेचारशे येतं आणि स्टॉलवाल्यांचे टीव्ही धूर सोडतात. माइक चेक कन्सोलपाशी उभं राहून हॅलो हॅलो करून होत नाही, पोडियमवर जाऊन, कमी उंचीच्या बाईंना जेवढं वाकावं लागेल तेवढं वाकून बोलून बघायचं. कार्पेटच्या जोडावर पाय मुद्दाम घासत चालायचं, जिथे आपली चप्पल अडकते तिथे उद्या कुणाचीतरी साडी अडकणार. आणि फॅशियावरची, म्हणजे स्टॉलच्या वरच्या पाटीवरची नावं, बाबा रे, मोठ्याने वाचायची, हातात लिस्ट धरून. पुण्यात कुळकर्ण्यांचं कुलकर्णी करून बघ एकदा, लाईट गेली तर चालेल म्हणतील.

ह्या सगळ्याचं माझ्या घरी काय झालंय तेही ऐक. मुलीच्या साखरपुड्याला कार्यालयातला जनरेटर मला संशयास्पद वाटला. अंगठी घालायच्या वेळी मी पैठणी खोचून जनरेटरमागे होते. फोटोत मी नाहीये. एकाही फोटोत नाही म्हणजे, जेवणाच्या पंगतीत आहे एका, पाठमोरी. मुलगी अजून बोलून दाखवते. पण त्या दिवशी लाईट गेली होती आणि दहा सेकंदांत परत आली, ते कुणी बोलून दाखवत नाही. तिला मी एकदा हे म्हणाले तर ती म्हणाली, आई, दहा मिनिटं गेली असती तरी चाललं असतं, तू हवी होतीस. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. म्हणून तुला सगळं माझ्यासारखं कर असं नाही म्हणत. घरचं कार्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बघायला पाठव, पण त्यालासुद्धा 'बघून आलोय' म्हणायला लाव.

लॉकडाऊनमध्ये आपलं सगळं बंद पडलं तेव्हा तू शाळेत असशील. आपण जिथे स्टॉल लावतो त्या चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये कोविडचे बेड लागले, सीओईपीच्या ग्राउंडवर ऑगस्ट 2020 ला जम्बो हॉस्पिटल उभं राहिलं. मिस्त्री टेम्पोतून भाजी विकत होते. एकदा मला वांगी द्यायला आले आणि पिशवी देताना म्हणाले, "बघून घ्या ताई, मी म्हणतोय चांगली आहेत म्हणून घेऊ नका." दोघंही दारात उभे राहून किती हसलो. मग ते पायरीवर बसून रडले थोडं, आणि मी आत चहा ठेवायला गेले.

बरं. ऑफरचं तू ठरव, मला विचारू नकोस, मी विचारायच्या लायकीची नाही त्या बाबतीत. पण शुक्रवारी मोशीला लोड-इन आहे, सामान आत घ्यायचंय, ट्रक शहरातून रात्रीच सोडतात त्यामुळे गेट अकराला उघडणार, आणि ह्या वेळी स्पीकर्समध्ये एक बाई व्हीलचेअरवर आहेत. स्टेज अडीच फुटांचं ठेवायला लावलंय मी भांडून. मिस्त्रींचा दुपारीच फोन आला होता की रॅम्प गोडाऊनवर तयार आहे, 30 फुटांचा, तीन तुकड्यांत. आलास तर टेस्टर आण, टॉर्च आण, आणि बाबांकडे लांब मेजरिंग टेप असेल तर ती आण. माझी 5 मीटरची आहे, पुरत नाही.

ताई