घारीसारखा पंख विमानाला का नाही?

प्रश्न : दाबोळीला उतरताना माझी खिडकी नेमकी पंखावर होती. मागचे तुकडे बाहेर सरकले, मध्ये फटी दिसल्या. बोगमाळ्याच्या किनाऱ्यावरची घार मात्र अख्खा पंख हवा तसा वळवते. विमानाला ते का जमत नाही?
— एक वाचक, वास्को

उत्तर : जमू लागले आहे, आणि विमानांच्या देखभालीत हयात गेलेल्या मला त्याचा मनापासून आनंद आहे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पंख पिळूनच तोल सांभाळला होता. पुढे वेग आणि वजन वाढले, पंख ताठ झाले, वेगळे हलणारे फ्लॅप, म्हणजे तुम्ही पाहिलेले मागचे तुकडे, आले. काही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांतून आलेली हवा कमी वेगातही प्रवाह पंखाला धरून ठेवते. मात्र फ्लॅपच्या टोकांशी भोवरे उठतात, हवेचा रोध आणि आवाज वाढतो.

नासाने २०१४-१५ मध्ये एका गल्फस्ट्रीम विमानाला सलग वाकणारे, फटी नसलेले फ्लॅप लावून ते उडवले. प्रत्येक उड्डाणात कोन आधीच ठरवलेला होता, हवेत तो बदलत नव्हता.

हेलिकॉप्टरचे काम मला अधिक अवघड वाटते. पाते पुढे जाताना हवा जोरात लागते, मागे येताना मंद. म्हणजे बदल दर फेरीत हवा. २००८ मध्ये पवनबोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात, वीज मिळताच किंचित ताणल्या जाणाऱ्या स्फटिकांनी पात्यावरचे छोटे फ्लॅप हलवले गेले. कंप आणि आवाज कमी झाला.

खरी अडचण पंखाच्या कातडीची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची. ती वाकली पाहिजे आणि हवेच्या दाबाखाली दबताही कामा नये, तेही वर्षानुवर्षे. माझ्या मते प्रवासी विमानात आधी पंखाची मागची कडच लवचीक होईल.