शहराची प्रॉक्सी विकत घेण्याआधी तिची जागा तपासा (मोरजीच्या गेस्टहाउसवाल्या प्रश्नाला उत्तर)

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण तुम्ही जिथे अडकला आहात तिथेच माझा एक अख्खा सीझन गेला. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यांचे गोव्यात मोरजीला गेस्टहाउस आहे. आजूबाजूच्या खोल्यांचे रेट पणजी, मुंबई आणि लंडनहून बघणाऱ्याला काय दिसतात ते रोज गोळा करण्यासाठी यांनी स्क्रिप्ट लिहिली आणि तिन्ही ठिकाणांच्या प्रॉक्सी, म्हणजे आपली जोडणी तिथल्या संगणकातून नेणारी सेवा, घेतल्या. पणजी आणि मुंबईचे आकडे तंतोतंत सारखे येतात, लंडनचे सरसकट जास्त. प्रॉक्सी विकणारा म्हणतो, शहराचा महागडा प्लॅन घ्या म्हणजे नीट येईल.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नकोच.

स्क्रिप्ट, रोटेशन, सेशन धरून ठेवणे हे तुम्हाला येते असे दिसते, त्यात शिरत नाही. खरी अडचण जागेची आहे. आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या आकडी पत्त्यावर, गावाचे नाव कुठे लिहिलेले नसते. मॅक्समाइंड, आयपीटूलोकेशन, आयपीइन्फो अशा कंपन्या आपापला डेटाबेस ठेवतात आणि अंदाज बांधतात. देश बहुतेक वेळा बरोबर येतो, शहराचा भरवसा नाही. अमेरिकेत नुसता देशच माहीत असलेले कोट्यवधी आयपी कॅन्ससमधल्या एका शेतावर दाखवले जात होते, कारण डेटाबेसमध्ये देशाच्या मध्याजवळचा म्हणून तोच बिंदू धरला होता. त्या घरातल्या लोकांकडे पोलीस येत राहिले, आणि २०१६ मध्ये हे बाहेर आले. तुमचा प्रॉक्सीवाला एक डेटाबेस बघून 'पणजी' म्हणतो, बुकिंगची साइट दुसराच बघत असते.

माझे काय झाले ते सांगते. फोंड्याहून काही हॉटेलवाल्यांसाठी मी रेट गोळा करत असे, प्रोग्रॅम क्लाउडवर चालायचा. पणजीचे म्हणून आयपी घेतले, जीबीवर पैसे. चवथीच्या आधीपासून नाताळापर्यंत रोजचे आकडे जमले आणि पणजी-मुंबईचे रकाने एकसारखे. मग मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, त्या प्रॉक्सीतून त्याच सर्व्हरला जोडणी केली आणि सर्व्हरच्या बाजूने हँडशेकला, म्हणजे जोडणी जुळताना निरोप जाऊन उत्तर यायला, किती वेळ लागतो ते टीसीपीडंपवर (येणारी-जाणारी पाकिटे नोंदवणारे साधन) बघितले. जेमतेम एक मिलिसेकंद. आता हिशेब बघा. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई सरळ रेषेतच ४०० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांच्या खाली उत्तर येणे शक्यच नाही. तो आयपी पणजीत नव्हता. हूइज (आयपी कोणाच्या नावावर आहे ते सांगणारी नोंद) काढले तर एएसएन, म्हणजे नेटवर्कचा ओळख क्रमांक, एका होस्टिंग कंपनीचा. घरगुती म्हणून विकलेला आयपी डेटा सेंटरचा होता.

हे सगळे मी विकणाऱ्याच्या सपोर्टला पाठवले, डंपसकट. उत्तर काय, तर त्यांच्याच पॅनलचा स्क्रीनशॉट, त्यात 'पणजी, गोवा' असे लिहिलेले. पुन्हा लिहिले तर म्हणे आमच्या डेटाबेसमध्ये जागा बरोबर आहे. मिलिसेकंदांबद्दल एका शब्दाचेही उत्तर नाही. पैसे परत मागितले तर डेटा वापरला गेला आहे, नियमात बसत नाही. आणि तिकीट बंद. मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. त्या रकान्यावर विसंबून एका हॉटेलवाल्याने गोव्यातल्याच वीकेंड गिऱ्हाइकांसाठीचे रेट ठरवले होते, ऐन डिसेंबरात. ते नुकसान कोणी भरून देणार नव्हते, दिलेही नाही. आजही कोणी 'आमच्या पॅनलवर तसेच दिसते' म्हटले की माझे डोके फिरते. म्हणून सांगते, ज्याच्याकडे चाचणीसाठी थोडा डेटा आणि शहर चुकल्यास परताव्याची लेखी अट नाही, त्याच्याकडे जाऊच नका.

यापुढचा मुद्दा गोव्याचा आहे आणि तो बाहेरच्या लेखांत सापडत नाही. टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे सेवाक्षेत्रात, येतो. मोबाइल डेटा कंपनीच्या गेटवेतून बाहेर पडतो आणि तिथे एका आयपीमागे असंख्य लोक असतात. त्यामुळे म्हापशाच्या बाजारात उभा राहून फोनवर खोली शोधणारा माणूस साइटला मुंबईचा किंवा पुण्याचा दिसू शकतो. तुमच्या शेजाऱ्यांना फोनवर आणि घरच्या ब्रॉडबँडवर, दोन्हीकडे आपला आयपी कुठला दाखवतो ते बघायला सांगा. खरा गोंयकारच साइटला मुंबईकर दिसत असेल, तर 'पणजीचा रेट' वेगळा शोधून हाती काय लागणार? माझ्या मते तुम्हाला पणजीच्या प्रॉक्सीची गरजच नाही. घरच्या ब्रॉडबँडवरून, सावकाश, दिवसातून एकदा बघा. किराणा किंवा जेवण मागवायच्या साइट असत्या तर गोष्ट वेगळी, पण तिथेही आयपीपेक्षा पिनकोड चालतो. ४०३५०७ टाकला की म्हापसा, तुम्ही कुठूनही बघा.

लंडनच्या वाढीव आकड्याचे आधी कारण शोधा. ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकाला कर धरूनच किंमत दाखवायची पद्धत आहे, आपल्याकडे खोलीचा रेट आणि खाली बारीक अक्षरात 'अधिक कर'. रात्रीला ७५०० च्या वरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तेवढा फरक नुसता दाखवण्यातूनच येतो. त्यावर पौंडांचे रुपये करताना आणखी थोडा. पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानावरची एकूण रक्कम घ्या, चलन एकच ठेवा, तारखा आणि माणसे तीच, लॉगिन नको, कुकी कोऱ्या. आयपी लंडनचा आणि ब्राउझरची वेळ कोलकात्याची, भाषा हिंदी, असे असेल तर साइट गोंधळते. सॉक्स (प्रॉक्सीचा एक प्रकार) वापरत असाल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणे, तेही प्रॉक्सीतूनच जाते का बघा.

हे सगळे करून फरक उरला तर तो खरा असू शकतो. बुकिंग डॉट कॉमच्या एक्स्ट्रानेटमध्ये (मालकांसाठीच्या पॅनलमध्ये) मालकालाच देशानुसार आणि मोबाइलसाठी वेगळी सूट लावता येते, तुम्ही मालक आहात तर ते पान उघडून बघा. म्हणून देशाची प्रॉक्सी कामाची, शहराचे जादा पैसे सहसा वाया. मोरजीत रशियन पाहुणे बरेच, त्यामुळे रशियाचा विचार तिथे कोणाच्याही मनात येणारच, पण बुकिंग आणि एअरबीएनबीने मार्च २०२२ मध्ये तिथली सेवा थांबवली, त्यामुळे मॉस्कोचा आयपी घेऊन तुलना करण्यात अर्थ नाही.

स्वस्त 'घरगुती' आयपींपासून मात्र खरेच लांब राहा. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ९११ एस५ नावाचे जाळे पाडले, त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी होते. फुकट व्हीपीएनच्या नावाखाली लोकांच्या संगणकांत शिरून, त्यांना पत्ता न लागू देता ते आयपी विकले जात होते. आयपी कुठून आणता आणि मालकाची संमती कशी घेता, एवढे दोन प्रश्न लेखी विचारा. गोलमोल उत्तर आले तर समजून जा.

मी वकील नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ आणि साइटच्या अटी स्वतः वाचा किंवा जाणकाराला दाखवा. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची नावे गोळा करू नका, तुम्हाला रेटच हवे आहेत. साइटकडून ४२९ (फार वेळा विचारताय, असा संकेत) आले की थांबा, सोबतच्या रिट्राय-आफ्टरमध्ये सांगितलेला वेळ पाळा. आयपी बदलून पुन्हा ठोकत बसलात तर उद्या त्या साइटवर आपल्या सगळ्यांचाच दरवाजा बंद होतो.

तुमच्या पणजीच्या आणि लंडनच्या प्रॉक्सींचे एएसएन आणि मुंबईच्या सर्व्हरवर आलेले हँडशेकचे आकडे इथे टाका, बघून सांगते. लंडनहून मुंबईला ७० मिलिसेकंदांच्या आत उत्तर येत असेल तर तीही प्रॉक्सी लंडनची नाही, तिचेही पैसे परत मागा.