जिप्सीच्या चेसिसला कोणतं कोटिंग? आधी आतली वाळू काढा

तुमचा प्रश्न वाचला आणि 2016 सालचा मीच समोर उभा राहिलो. तुमची 2008 ची मारुती जिप्सी, बॉडी उतरवलेली, चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) उघडी, घर दापोली तालुक्यात समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आणि हातात तीन कोटेशनं: पावडर कोटिंग (रंगाची पूड चिकटवून भट्टीत भाजायची), रबराचं अंडरबॉडी कोटिंग आणि टू-पॅक इपॉक्सी (रंग आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून मारायचं). तिघांतलं टिकाऊ कोणतं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर इपॉक्सी. पण नुसतं तेवढं सांगून थांबलो तर माझं जे झालं तेच तुमचं होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी 2004 ची. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलंच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खारा वारा आणि जांभ्याचा तो चिकट लाल चिखल, जो चेसिसच्या कोपऱ्यांत बसला की दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. मीही बॉडी उतरवली, गंजलेले तुकडे बदलून वेल्डिंग करून घेतलं आणि चेसिस घाटावरच्या एका एमआयडीसीत ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने खडी मारून गंज उडवणं) आणि पावडर कोटिंगला दिली. दुकानाचं नाव घेत नाही. 22 हजार रुपये मोजले. परत आली तेव्हा काळीभोर, काचेसारखी गुळगुळीत. शेजारपाजारचे लोक बघायला आले होते.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. 2019 साली गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी खालून साफसफाई करत होतो. मागच्या ॲक्सलवर चेसिस जिथे कमानीसारखी उचलली जाते, तिथे पावडरला एक फुगवटा दिसला, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचला. पापुद्रा निघेल असं वाटलं होतं. स्क्रू ड्रायव्हर आरपार आत गेला, आणि बाहेर काढला तशी भोकातून काळी, ओली वाळू माझ्या तळहातावर पडायला लागली. मूठभर नाही, ओंजळभर. हुंगून बघितली तर गंजाचा तो लोखंडी वास.

ती वाळू म्हणजे ब्लास्टिंगला वापरलेलं कॉपर स्लॅग, तांबं गाळताना उरणाऱ्या मळीची बारीक खडी. जिप्सीची चेसिस बंद पेटीची आहे, जुन्या जीपसारखी उघडी सी-चॅनल (इंग्रजी C च्या आकाराची पट्टी) नाही. ब्लास्टिंग करताना तिच्या भोकांमधून ती खडी आत जाते आणि खोलगट जागी साचते. तिथेच पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकं असतात. माझी भोकं अर्धी खडीने बुजली होती, उरलेली पावडरने. आत गेलेलं पाणी ती वाळू स्पंजासारखं धरून ठेवत होती, आणि बाहेरून पावडर चमकत होती म्हणून मला तीन वर्षं पत्ताच लागला नाही. दोन्ही बाजूंचे मिळून सव्वा फूट पत्रे कापून नवे बसवावे लागले. बॉडी पुन्हा उतरवली. खर्च पहिल्या कामाच्या दुप्पट.

दुकानदाराला फोन केला. “आमचं काम बाहेरच्या कोटिंगचं, आतलं तुम्ही बघायचं होतं,” एवढंच ऐकायला मिळालं. बिलावर पाच वर्षांची वॉरंटी छापलेली होती. पण ती म्हणे पावडरचे पापुद्रे निघाले तर. पत्रा सडला तर नाही. दोनदा प्रत्यक्ष जाऊन आलो. दुसऱ्यांदा मालक भेटलेच नाहीत. याचा राग मला आजही येतो, कारण मी कोपऱ्यावर पंक्चर काढून घेत नव्हतो, त्यांच्या धंद्यातलंच काम त्यांच्यावर सोपवलं होतं. चूक माझीही होती. चेसिस परत आणताना ती उभी करून, रबरी हातोडीने ठोकून, कॉम्प्रेसरची हवा मारून खडी काढायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम.

त्यामुळे कोणाकडेही द्या, ब्लास्टिंगच्या आधी सगळी भोकं कापडाचे बोळे आणि टेपने बंद करा. नंतर बोळे काढून चेसिस दोन्ही टोकांवर आळीपाळीने उभी करा, ठोका, हवा मारा. खडी पडायची थांबेपर्यंत कामगारांना हलू देऊ नका. हे आधी कोटेशनवर लिहून घ्या.

आता कोटिंगकडे. पावडर वाईट नाही. रिम, बंपर, रोल केज, सुटे ब्रॅकेट यांना खुशाल करा. पण पावडर विजेच्या भाराने चिकटते, त्यामुळे आतल्या कोपऱ्यांत आणि अरुंद सांध्यांत नीट शिरत नाही, आणि पेटीच्या आत तर जवळजवळ जातच नाही. 180-200 अंशांच्या भट्टीत भाजल्यावर कडक थर होतो. दगड लागून तो एके जागी फुटला की पाणी थराखाली सरकत जातं आणि पुढे अख्खा पट्टा सुटतो. घरच्या घरी डागडुजीही नीट जमत नाही. दगडधोंड्यांत घालायच्या गाडीला हे परवडत नाही.

रबराचं किंवा डांबरी अंडरबॉडी कोटिंग जुन्या चेसिसवर थेट मारू नका, हे मात्र मी ठासून सांगतो. नवीन असताना छान दिसतं, काही वर्षांत वाळून चिरा पडतात आणि चिरेतलं पाणी आतच राहतं. गंजावर मारलं तर गंज झाकला जातो, थांबत नाही. चाकाच्या वरच्या पत्र्यावर, इपॉक्सीच्या वरून, खडे लागू नयेत म्हणून मारलं तर ठीक.

गॅल्व्हनायझिंगचं कुणीतरी सुचवेलच. इंग्लंडातले जुन्या लँड रोव्हरवाले गॅल्व्हनाइज केलेली चेसिस नवीच विकत घेतात, आणि ती खरंच टिकते, कारण जस्त आतूनही बसतं. पण जुनी, ठिगळं लावलेली, पातळ पत्र्याची चेसिस 450 अंशांच्या जस्तात बुडवली तर वाकू शकते. हवा आणि पाणी जायला जागा नसलेली बंद पेटी त्या हौदात फुटूही शकते. ज्याने आधी गाडीची चेसिस केलीय आणि करून दाखवू शकतो, असा माणूस मिळाला तरच विचार करा. मला मिळाला नाही.

दुसऱ्यांदा मी जे केलं ते सात वर्षं टिकलंय. ब्लास्टिंग, त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड थराचं इपॉक्सी, आणि शेवटी पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) एक हात, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात पांढुरकं होतं. एकूण जाडी 200 ते 250 मायक्रॉन. कडांवर आणि वेल्डिंगच्या शिवणींवर स्प्रेच्या आधी ब्रशने एक जादा हात मारा, कडांवर रंग नेहमी पातळ बसतो. ब्लास्ट केलेला पत्रा आपल्याकडे रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी नारिंगी झालेला दिसेल, त्यामुळे ‘उद्या मारू’ ऐकून घेऊ नका.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा, सकाळी अकरा ते दुपारी चार. दमटपणा 85 टक्क्यांच्या खाली हवा आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा) किमान तीन अंश गरम हवा. नाहीतर इपॉक्सीवर तेलकट चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, अंदाजाने नाही. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला फार वाईट असते, बंद शेडमध्ये साध्या मास्कवर कुणाला स्प्रे मारू देऊ नका. पेंटर आपला माणूस आहे.

अर्थ वायरच्या जागा, रबरी बुश बसायची घरं आणि बोल्टचे आटे झाकून घ्या. चेसिस नंबरावर आधी पेन्सिलने कागदी ठसा आणि फोटो घ्या, मग जाड टेप लावा. माझे आकडे ब्लास्टिंगने पुसट आणि पावडरने बुजले होते. नूतनीकरणाच्या तपासणीच्या आदल्या रात्री थिनर आणि टूथब्रश घेऊन बसावं लागलं.

आणि आतली बाजू. बाहेर काहीही मारा, आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) गेलंच पाहिजे. नायलॉनच्या लांब नळीचं टोक बंद करून बाजूंनी बारीक भोकं पाडा, स्प्रे गनला जोडा, नळी शेवटपर्यंत घाला आणि ट्रिगर दाबून हळूहळू बाहेर ओढा. शिवणींमधून वॅक्स पाझरलेलं दिसलं म्हणजे पोचलं. दरवर्षी मे महिन्यात पुन्हा. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर जळकं इंजिन ऑइल मारतात. पत्रा वाचतो हे खरं, पण रबराचे बुश फुगतात आणि अंगणभर ठिबकत राहतं, मी मारत नाही.

मी इंजिनीअर नाही, हा सगळा अनुभव एका गाडीचा आणि कोकणातल्या हवेचा आहे. विदर्भातल्या कोरड्या हवेत कदाचित पावडरही पंधरा वर्षं जाईल. रंगाच्या कंपनीचा तांत्रिक कागद मागून घ्या आणि माझं म्हणणं त्याच्याशी ताडून बघा.

ब्लास्टिंगला देण्याआधी एक करा. छोट्या हातोडीने मागच्या ॲक्सलच्या वरचा आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलजवळचा (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळचा) भाग ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे खडू लावा. त्या खुणांचे आणि खालच्या भोकांचे फोटो इथे टाका, कुठे पत्रा बदलावा लागेल ते बघून सांगतो.