'ट्रान्सफरेज': बदली, स्थानांतर की हस्तांतर?

प्रश्न असा आहे: बॉम्बे नावाच्या दुर्मिळ रक्तगटावरच्या एका मराठी टिपणात 'फ्युकोज-स्थानांतरक विकर' असा शब्द आला आहे. मूळ शब्द फ्युकोसिलट्रान्सफरेज; विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. हा प्रतिशब्द बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावं?

माझं मत: 'फ्युकोज' ठेवा, 'विकर' ठेवा, 'स्थानांतरक' काढा.

इंग्रजीत एकट्या 'ट्रान्सफर'वर भागतं, मराठीचं तसं नाही. नोकरीत माणसाची होते ती बदली. कचेरी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जाते ते स्थानांतर. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढते ते हस्तांतर. मग तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते. जमीन बिचारी जागची हललेलीही नसते. आणि बँकेत रक्कम या खात्यातून त्या खात्यात जाते तेव्हा ती 'वर्ग' होते.

आता हे विकर नेमकं काय करतं ते बघू. फ्युकोज ही एक साखर. फ्युकस नावाच्या तपकिरी समुद्रशेवाळावरून तिला हे नाव पडलं. या विकराला ती मोकळी मिळत नाही, जीडीपी नावाच्या रेणूला बांधलेली असते (अर्थमंत्र्यांचा जीडीपी नव्हे, हा ग्वानोसिन डायफॉस्फेट). गॉल्जी संकुल या पेशीच्या आतल्या भागात हे विकर जीडीपीच्या हातातली फ्युकोज काढून घेतं आणि शर्करासाखळीच्या टोकाला असलेल्या गॅलॅक्टोज या साखरेला, तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर, जोडून देतं. स्वतःजवळ काही ठेवत नाही. एक देणारा, एक घेणारा, मध्ये व्यवहार करून देणारा तिसरा. साखर कुठून कुठे गेली यापेक्षा ती कोणाकडून कोणाकडे गेली हे इथे महत्त्वाचं, म्हणून हस्तांतर.

'स्थानांतरक' टाळण्याचं दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ट्रान्सफरेज हा दुसरा वर्ग. २०१८ साली त्यात सातवा वर्ग वाढवला, ट्रान्सलोकेज. ही विकरं आयन किंवा रेणू पेशीपटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेतात. 'स्थानांतरक' हा शब्द त्यांना चपखल बसतो. तो आज इथे खर्च केला तर उद्या ट्रान्सलोकेजला काय म्हणणार?

खरं तर मला मनापासून आवडतं ते 'वर्ग करणे'. पण त्याचं नाम होत नाही; 'वर्गकारक' म्हटलं की वाचकाला गणिताचा तास आठवेल. क्रियापद म्हणून मात्र बिनदिक्कत वापरा: 'हे विकर फ्युकोज साखळीवर वर्ग करतं.' बँकेत पासबुक भरून घेणाऱ्या कोणालाही हे वाक्य कळेल.

'विकर'बद्दलही कुरकुर ऐकू येते, की त्यात 'विकार' दिसतो. दिसू द्या. विकाराचा जुना अर्थ आजार नव्हे, बदल. दही हा दुधाचा विकार, हे आपल्या दर्शनशास्त्रांतलं ठरलेलं उदाहरण. विकराचा जुना पर्याय 'वितंचक' तर थेट विरजणाच्या भांड्यापर्यंत जातो, कारण संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण. आणि एन्झाइम हा शब्दही ग्रीकमधल्या आंबवणाच्या, खमिराच्या शब्दावरूनच घडवलेला. वितंचक मला जास्त गोड वाटतो, पण पाठ्यपुस्तकांनी विकर रुजवला आहे, तर तोच चालू द्यावा.

टिपण बॉम्बे रक्तगटाचं आहे म्हणून थोडं त्याबद्दल. वरच्या व्यवहारातून जे तयार होतं त्याला एच प्रतिजन म्हणतात; प्रतिजन म्हणजे रक्तगट ठरवणारी, तांबड्या पेशीवरची ओळखखूण. ए आणि बी गटांची विकरंही हस्तांतरकच, पण ती आपली साखर एचवरच जोडतात. एच ही खुंटी. ती नसेल तर ए-बीचे सदरे टांगायचे कुठे? मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं खुंटीच नसलेलं रक्त आढळलं आणि १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. भारतात या गटामागे नेहमी सापडणारा बदल म्हणजे विकराच्या जनुकातलं ७२५ व्या जागेवरचं एक अक्षर. त्यामुळे विकराच्या प्रथिनात २४२ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसतं आणि व्यवहार ठप्प होतो. नेहमीच्या तपासणीत तांबड्या पेशी 'ओ'सारख्याच दिसतात, पण या व्यक्तीला 'ओ'चं रक्तही चालत नाही, कारण 'ओ'च्या पेशींवर एच भरपूर असतो आणि हिच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्यावर हल्ला करणारी प्रथिनं, असतात. म्हणून टिपणात 'ओ गटाचाच एक प्रकार' असं लिहिलं असेल तर तेही खोडा. स्थानांतरकापेक्षा ती चूक महाग पडेल.

तर वाक्य असं करता येईल: 'एच प्रतिजन घडवणारं फ्युकोज-हस्तांतरक विकर, म्हणजे फ्युकोसिलट्रान्सफरेज, या व्यक्तींत काम करत नाही.' मूळ नाव एकदा द्याच; पुढे शोधायला तेच लागतं. 'ज'खाली नुक्ता नको. आपला 'जोर'मधला ज तिथे आपोआप येतो.

आणि मुद्रितशोधन करताना शेवटची मात्रा तपासा. 'ओज' आलं तर साखर, 'एज' आलं तर विकर. मी स्वतः एका आहारपत्रिकेत 'ज्यांना लॅक्टेज पचत नाही त्यांनी दूध टाळावे' हे वाक्य तीनदा वाचून पुढे पाठवलं होतं. पत्रिका छापून आल्यावर माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, दुधात लॅक्टोज असतं ना?"